पदकानंतरचे खाशाबा

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर कुस्तीचं वेड तसं बेताचंच. इथल्या पोरांचा जीव कबड्डीत. भाताची कापणी, झोडणी उरकली की अलिबाग, पेण, उरणच्या गावागावांत मैदानं आखली जातात आणि रात्री दिव्यांच्या झोतात सामने रंगतात. अशा प्रत्येक मैदानाच्या कडेला, रेषेपासून दोन हात लांब, एक माणूस हमखास उभा असतो. पन्नाशी उलटलेली असते, एक गुडघा कधीचाच कामातून गेलेला असतो. कोणत्या पोराला चढाईला पाठवायचं, समोरचा कोपरारक्षक कोणत्या पायावर भार देतो, हे तोच सांगत असतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं आणि मानधनही नसतं. मातीवर वाढलेल्या पोरानं मॅटवर पाय कसा टाकावा, एवढं एक वाक्य त्यानं वेळेवर सांगितलं तर एखाद्याचा गुडघा वाचतो.

बँकेच्या नोकरीत या पट्ट्यातल्या शाखांमधून माझी बरीच वर्षं गेली. संध्याकाळी काउंटर मिटवून असे सामने पाहायला उभा राहिलो की मला किनाऱ्यावरचा कुणी आठवायचा नाही. आठवायचा तो घाटावरचा एक पैलवान. त्यालाही माती सोडून मॅटवर जावं लागलं होतं, त्याचाही गुडघा ऐनवेळी गेला होता, आणि त्याच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ होतं. खाशाबा दादासाहेब जाधव.

स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९५२, हेलसिंकी, कुस्ती, कांस्य. स्पर्धा परीक्षेला बसणारं पोरही एवढं घडाघडा म्हणून दाखवील. पण पदक मिळालं तेव्हा खाशाबा २६ वर्षांचे होते आणि गेले १९८४ साली. मधली ३२ वर्षं हा माणूस काय करत होता, असं विचारलं तर आपण थबकतो. मिरवणुकीपाशी आपली गोष्ट संपते. मला त्या ३२ वर्षांबद्दल बोलायचं आहे, पण ती कळायची तर आधीचंही थोडं सांगायला हवं.

कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लंगोट घरातच होता आणि पाचव्या वर्षीच पोराला आखाड्याची ओळख झाली. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना बेलापुरे गुरुजी आणि बाबुराव बलवडे यांच्या हाताखाली मेहनत झाली. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांचे निरोप पोचवण्याचं कामही या पोरानं केलं. शाळकरी वयात सातारा जिल्ह्यात राहून त्या धगीपासून लांब राहणं तसं कठीणच होतं.

अंगकाठी मात्र बेताची होती. पैलवान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहते, तिच्याशी खाशाबांचा काही संबंध नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाल्यावर वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा या किरकोळ पोराला तिथल्या क्रीडाशिक्षकांनी परत पाठवलं होतं असं सांगतात. मग ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून थोराड मल्लांना त्यांनी लोळवलं. डोकं पकडून प्रतिस्पर्ध्याला खाली आणणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. वजनाची उणीव त्यांनी वेगानं भरून काढली होती.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना पाठवलं ते कोल्हापूरच्या महाराजांनी. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना तयार केलं. मॅटवरची कुस्ती खाशाबांना तोवर जवळजवळ परकीच होती. मातीत पाय रुततो, घाम आणि माती मिळून पकड बसते, आणि पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते. घटका गेली तरी पंच मध्ये पडत नाही. मॅटवर पाय सरकतो, घड्याळ चालू असतं, पंच गुण मांडत असतात आणि नुसतं पुढे राहूनही जिंकता येतं. आयुष्यभर मराठी लिहिणाऱ्याला एकदम मोडी लिपीत कीर्दखतावणी मांडायला बसवावं तसला हा बदल. तरीही फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत, ते सहावे आले. त्या गटात त्याआधी इतकं वर कुणी भारतीय पोचला नव्हता.

आता चार वर्षांत एक गोष्ट घडली, तिच्याकडे चरित्रकारांचं फारसं लक्ष जात नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. झालं ते योग्यच झालं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण १९४८ साली लंडनच्या तिकिटासाठी एका माणसाचा एक होकार पुरला होता. शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापुरात पैलवानाचा खुराक, तालमीची डागडुजी, खासबागेतला फड हे सगळं दरबाराच्या जमाखर्चात बसत असे. १९५२ साली तो दरबार राहिला नव्हता आणि त्याच्या जागी फाइल आली होती. फाइलीला खुराक समजायला अजून बरीच वर्षं लागायची होती.

निवडीतही त्रास झालाच. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम कमी गुण दिले गेले, अशी खाशाबांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांपर्यंत ती गेली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून वाद मिटवला. म्हणजे इथंही शेवटी एका महाराजाचाच शब्द कामी आला.

राहिला पैशाचा प्रश्न. सरकारनं हात आखडता घेतला. गोळेश्वरच्या लोकांनी, कराडच्या दुकानदारांनी जमेल तसं दिलं. मोठी रक्कम उभी केली ती राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांनी. त्यांनी आपलं राहतं घर मराठा बँकेकडे गहाण ठेवून ७००० रुपये काढून दिले.

इथं मी जरा रेंगाळणार आहे. माझ्यातला बँकवाला हे वाक्य नुसतं वाचून पुढे जाऊ शकत नाही. सोनं तोळ्याला शंभराच्या आत होतं तेव्हाचे ७००० रुपये. कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, कर्जाचा हेतू. दुसरा असतो, परतफेडीचं साधन. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण ठेवायला आलेल्या प्राचार्यांनी त्या दुसऱ्या रकान्यात काय सांगितलं असेल? माझ्यापुढे असं प्रकरण आलं असतं तर मी ते मंजूर केलं असतं का, असं मी निवृत्तीनंतर स्वतःला अनेकदा विचारलं आहे. बहुधा नसतं केलं. चहा पाजून परत पाठवलं असतं. तेव्हाच्या त्या कुणा अनाम अधिकाऱ्याच्या सहीचाही या पदकात वाटा आहे, असं मला वाटतं.

हेलसिंकीत खाशाबा बॅंटमवेटमध्ये, ५७ किलोत उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. तेव्हाची पद्धत अशी की एक कुस्ती हरली म्हणून मल्ल लगेच बाद होत नसे. उणे गुण साचत जायचे आणि ठरावीक आकडा झाला की घरी. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि खाशाबा ती गुणांवर हरले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण थोड्याच वेळात त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवपुढे उभं राहण्याचा पुकारा झाला. नियम दाखवून पंचांशी भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेला मल्ल उतरला आणि हरला. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. तारीख २३ जुलै १९५२.

त्या अर्ध्या तासाबद्दल आपल्याकडे हळहळून लिहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण ती हळहळ सुवर्ण हुकल्याची असते. मला त्यात दुसरं काही दिसतं. मॅटच्या कडेला नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेला एक जाणता माणूस उभा असणं म्हणजे काय, हे त्या संध्याकाळी खाशाबांइतकं भारतात कुणालाच कळलं नसेल. प्रशिक्षक कशासाठी लागतो याचा धडा त्यांना प्रशिक्षक नसल्यामुळे मिळाला. हा धडा घेऊन ते परत आले.

कराड स्टेशनावर उतरले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या वेळात संपणाऱ्या वाटेला सात तास लागले म्हणतात. ढोल, लेझीम, गुलाल सगळं झालं. त्यानंतर या ऑलिंपिक विजेत्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, स्वतः त्यांत लढला, आणि त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. परतफेडीच्या रकान्यातलं उत्तर हे असं मिळालं. कर्ज बुडालं नाही, हे सांगायला मला विशेष आनंद होतो.

याच हेलसिंकीत आणखी एक खेळाडू होता, त्याची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. फिनलंडच्या आखाताच्या पलीकडे, बोटीनं काही तासांवर, एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. तो तेव्हा सोव्हिएत संघानं गिळलेला होता. सोव्हिएत बास्केटबॉल संघाला त्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळालं आणि त्या संघात तीन एस्टोनियन होते. त्यांतला एक इल्मार कुल्लाम, तार्तू या विद्यापीठाच्या गावचा. त्याआधी तो दोनदा युरोपविजेत्या संघात होता, पुढच्याच वर्षी तिसऱ्यांदा झाला. खेळणं थांबल्यावर तो त्याच तार्तूच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि आपल्या गावात राहून त्यानं पुढच्या पिढ्या घडवल्या. तो २०११ साली वारला तेव्हा एस्टोनियात त्याच्याकडे पाहिलं जात होतं ते खेळाडू म्हणून जितकं, तितकंच गुरू म्हणून. ज्या राज्याच्या झेंड्याखाली तो खेळला त्यानं त्याचा देशच हिरावून घेतला होता. पण खेळाडूच्या अंगात साठलेलं ज्ञान वाया जाऊ देऊ नये, एवढा हिशेब त्या राजवटीला कळत होता. खाशाबा आपल्या स्वतःच्या, नव्यानं फडकलेल्या तिरंग्याखाली खेळले. त्यांच्या पदरी काय आलं?

१९५५ साली पोलीस खात्यात फौजदारकी मिळाली. नोकरी चांगली होती, वर्दीला मान होता, आणि शेतकऱ्याच्या घरात पगाराची पहिली तारीख येणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी सुरू होती. पण गुडघा दुखावला आणि तिसरं ऑलिंपिक हुकलं. तिथून पुढे खाशाबा शिकवणारे झाले. खात्यातल्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, पोलिसांच्या मल्लांना तयार केलं, क्रीडाप्रशिक्षक म्हणून मिळेल ते काम केलं. पण हे सगळं वर्दीच्या आत राहून, नेमून दिलेल्या कामातून वेळ काढून.

१९६१ साली पतियाळात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. देशासाठी प्रशिक्षक घडवायचे हाच तिचा हेतू. मॅटवर दोन ऑलिंपिक लढलेला, एक पदक घेऊन आलेला, इंग्रजी जाणणारा, कॉलेज शिकलेला, ३५ वर्षांचा मल्ल तेव्हा पोलीस खात्यात नोकरी करत होता. त्याला बोलावून नव्या संस्थेतल्या कुस्तीची सूत्रं हाती द्यावीत, असं कुणाच्या मनात आलं नाही.

दोष एकट्या सरकारवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. आपल्या लोकांची आवडही पाहायला हवी. महाराष्ट्रात पैलवान म्हणजे भारी वजनाचा मल्ल. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६१पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली, १९६४ साली मारुती माने हिंदकेसरी झाले. ही नावं घराघरांत गेली आणि ती जाण्यासारखीच होती. गदा खांद्यावर घेतलेला, हत्तीसारखा मल्ल पाहायला खासबाग भरून वाहायची. त्या गर्दीला ५७ किलोच्या माणसाचं कौतुक होतं, पण वेड नव्हतं. कुस्ती मातीवरच राहिली आणि गावोगावच्या यात्रांना तेच परवडणारं होतं. मॅट महाग, शिवाय ती अंथरायला सपाट छताखालची जागा हवी. त्यामुळे मॅटच्या कुस्तीचं शिक्षण देऊ शकणारा माणूस घरात असूनही शिकणाऱ्यांची रांग लागली नाही. कुस्तीतलं भारताचं पुढचं ऑलिंपिक पदक २००८ साली बीजिंगला सुशील कुमारनं आणलं. मध्ये ५६ वर्षं गेली होती. वैयक्तिक पदक म्हणाल तर १९९६ साली अटलांटाला लिअँडर पेसनं टेनिसमध्ये मिळवलं तेव्हा ४४ वर्षं झाली होती. खाशाबांनी ते पाहिलं नाही.

ते काय शिकवू शकले असते, याचा विचार मी कधीकधी करतो. मातीतला ढाक मॅटवर मारताना पाय कुठं टेकायचा. पंधरा मिनिटांच्या कुस्तीत श्वास कसा राखायचा. उणे गुणांचं गणित मांडून कोणत्या कुस्तीत धोका पत्करायचा आणि कोणत्या नाही. वजन उतरवताना ताकद कशी टिकवायची, परदेशी गेल्यावर खाण्याचे हाल कसे सोसायचे. आणि विश्रांतीचा अर्धा तास हक्कानं मागून कसा घ्यायचा. यातलं काहीही तेव्हा कुठल्या मराठी पुस्तकात नव्हतं, ते फक्त त्यांच्याकडे होतं. काही पोलीस जवानांना ते मिळालं. बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं.

बढत्या सावकाश मिळाल्या. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. पेन्शनच्या टेबलाशी हेलपाटे घालणारी माणसं मी काउंटरच्या आतून पुष्कळ पाहिली आहेत. कुणाच्या जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, कुणाच्या सेवापुस्तकात एक पान गहाळ. माणूस एरवी कितीही ताठ असो, तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज खाली येतो. दोन ऑलिंपिकमध्ये देशाचं नाव पाठीवर घेतलेल्या माणसाला तशा रांगेत मी कल्पनेतही उभा करू शकत नाही, पण तो उभा राहिला होता. गोळेश्वरात त्यांनी घर बांधलं, त्याचं नाव ठेवलं ऑलिंपिक निवास.

१९८२च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत मशालदौडीत त्यांना धावण्याचा मान मिळाला. एवढीच एक राष्ट्रीय आठवण त्यांच्या हयातीतली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराड परिसरात रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

मग आपली जुनी सवय कामाला लागली. महाराष्ट्र सरकारनं १९९२-९३चा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर दिला. केंद्रानं अर्जुन पुरस्कार दिला, तोही मरणोत्तर, २००० सालचा. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव लागलं. २०२३ साली १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळायचं ठरलं. पद्म पुरस्कारासाठी कुटुंबीय वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं तेव्हा महाराष्ट्राच्या वैयक्तिक पदकासाठीची ७२ वर्षांची वाट संपली. राज्य सरकारनं त्याला एक कोटी रुपये जाहीर केले. मला मनापासून बरं वाटलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या. मॅटच्या, किंवा म्हणा गोळीबाराच्या रेंजच्या, कडेला जाणतं माणूस उभं होतं.

गोळेश्वरात खाशाबांच्या नावानं कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा २००९ साली झाली होती. गावच्या पोरांना मॅट मिळेल, शिकवायला वस्ताद मिळेल, अशी ती योजना. वर्षं गेली, इमारत काही उभी राहिली नाही. २०१७ साली कुटुंबीयांनी जाहीर केलं की संकुलासाठी पैसा उभा करायला ते १९५२चं पदक लिलावात काढणार. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली त्या दिवशी मी सेवेत होतो आणि समोर सोनेतारणाची प्रकरणं पडली होती. वजन करायचं, कस पाहायचा, दर लावायचा, किमतीच्या ठरावीक टक्के रक्कम द्यायची. सवयीनं मी त्या कांस्याचं मनातल्या मनात मूल्यांकन करायला गेलो आणि हातातलं पेन तसंच खाली ठेवलं. समोरच्या बाईंना पाटल्यांचे पैसे हवे होते, मुलाची फी भरायची होती. त्यांना मी थोडा वेळ थांबायला सांगितलं.